केबल चेपली तर काय होईल? डिमॉलिशन डर्बीच्या गाडीचं बॅटरी वायरिंग

(ऑडिओ भागाची ही लिखित प्रत. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

आजचा विषय फक्त एका केबलचा आहे. खरंच. बॅटरीपासून सेल्फपर्यंत जाणारी दोन मीटरची जाड केबल. पण ती केबल ज्या गाडीत आहे, ती गाडी मुद्दाम दुसऱ्या गाड्यांवर आदळायला बांधलेली आहे, आणि बॅटरी ड्रायव्हरच्या शेजारी पायाशी ठेवलेली आहे. म्हणून ही केबल कुठली घ्यायची आणि कुठून न्यायची, हा त्या गाडीत बसणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न होतो.

मी मूळचा कोल्हापूरचा, आता बरीच वर्षं अमेरिकेत इंडियाना राज्यात. इथे इंजिनाच्या धंद्यात पुण्या-कोल्हापूरकडची माणसं बरीच भेटतात, मीही त्यातलाच. माझ्या शेजारी एक शेतकरी आजोबा आहेत. दर उन्हाळ्यात त्यांच्या शेडमध्ये डर्बीची एक गाडी उभी राहते आणि वायरिंगचं काम माझ्याकडे येतं. मागच्या उन्हाळ्यात त्या गाडीत पहिल्यांदा त्यांची नात बसणार होती. वय वीस. तिने मला विचारलेला एक प्रश्न पुढे सांगतो, कारण आजचा सगळा भाग त्या प्रश्नाभोवतीच आहे.

आधी खेळ समजून घेऊ

डिमॉलिशन डर्बी म्हणजे गाड्यांची कुस्तीच म्हणा. मातीचं एक छोटं मैदान, पाणी मारून चिखल केलेला, कडेने काँक्रीटचे ठोकळे. आत आठ-दहा जुन्या गाड्या. सगळ्यांनी एकमेकांना ठोकायचं. जी गाडी शेवटपर्यंत हलती राहील ती जिंकली. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर आयस्लिप स्पीडवे नावाचा ट्रॅक होता. तिथे १९५८ मध्ये लॅरी मेंडेलसन यांनी भरवलेली डर्बी गाजली आणि हा खेळ पसरला. त्याआधीही अशा टकरी व्हायच्या. आज हा खेळ मुख्यतः काउंटी फेअरमध्ये दिसतो. काउंटी फेअर म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या जत्रेसारखं: जनावरांचं प्रदर्शन, पाळणे, खाण्याचे स्टॉल आणि रात्री डर्बी.

खेळाचे काही नियम आपल्या केबलशी थेट जोडलेले आहेत. एक, ठरावीक वेळात समोरच्याला ठोकर मारली नाही तर तुम्ही बाद. बऱ्याच ठिकाणी ही मुदत एका मिनिटाच्या आसपास असते. म्हणजे धडकेत इंजिन बंद पडलं तर ते लगेच, तापलेलं असतानाच चालू व्हायला हवं. दोन, ड्रायव्हरच्या दारावर मारायला बंदी असते, पण बाकी कुठूनही मार बसू शकतो. आणि तीन, गाडीच्या काचा, सीटं, अस्तर सगळं काढलेलं असतं. मूळची पेट्रोलची टाकीही काढतात आणि मागच्या सीटच्या जागी एक छोटी टाकी घट्ट बांधतात.

बॅटरीसुद्धा जागेवर राहत नाही. मूळ जागा बोनेटखाली, अगदी पुढच्या कोपऱ्यात. पहिल्या दोन धडकांतच तो कोपरा चेपतो. म्हणून नियमच असतो की बॅटरी आत आणायची आणि ड्रायव्हरशेजारी, पॅसेंजरच्या पायाच्या जागेत बसवायची. लोखंडी पेटीत, बोल्टने जमिनीला आवळून, वरून जाड रबराने झाकून. इथे कन्व्हेयर बेल्टचा जुना तुकडा त्यासाठी झकास चालतो. बंजी कॉर्ड, दोऱ्या असले जुगाड इथे नकोत. पंधरा-वीस किलोची बॅटरी धडकेत सुटली तर ती आधी ड्रायव्हरच्या पायावर जाते.

परवडत असेल तर बॅटरी एजीएम प्रकारची घ्या. तिच्यात ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं, म्हणून खोकं फुटलं तरी ॲसिड पाण्यासारखं सांडत नाही.

आता चित्र डोळ्यासमोर आणा. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो. त्याच्या उजव्या हाताला बॅटरी, पाठीमागे पेट्रोल, पुढे इंजिन. बॅटरीपासून निघणारी केबल पुढच्या पत्र्यातून, म्हणजे फायरवॉलमधून, इंजिनाकडे जाते. शेव्हर्लेच्या जुन्या व्ही-एट इंजिनांना सेल्फ उजव्या बाजूला, खाली असतो. म्हणजे केबलचा रस्ता साधारण दोन मीटरचा.

फ्यूज नसलेली वायर

घरात वायर शॉर्ट झाली तर १६ किंवा ३२ अँपिअरचा एमसीबी खटकन पडतो. गाडीतही हेडलाईट, हॉर्न, पंखा सगळ्याला फ्यूज असतो. पण बॅटरी ते सेल्फ या केबलला सहसा फ्यूज नसतो. कारण सेल्फ सुरू होताना क्षणभर कित्येकशे अँपिअर ओढतो. तेवढा करंट जाऊ देईल असा फ्यूज अर्धवट शॉर्टमध्ये वेळेवर उडेलच, याचा भरवसा नाही.

आणि बॅटरीची ताकद काय असते? चांगली चार्ज असलेली गाडीची बॅटरी सरळ शॉर्ट केली तर हजार अँपिअरच्या वर सहज जाते. तेवढ्यात पान्याला वेल्डिंग लागतं, केबलचं प्लास्टिक पेट घेतं. म्हणून साध्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनाही या केबलची धास्ती असते. बीएमडब्ल्यूच्या ज्या गाड्यांत बॅटरी मागे डिकीत असते, त्यांच्या पॉझिटिव्ह टर्मिनलमध्ये बारीकशी स्फोटक कुपी बसवलेली असते. मोठा अपघात झाला की ती फुटते आणि सेल्फची केबल बॅटरीपासून तोडून टाकते. त्यांनी एवढा खर्च एका अपघातासाठी केलाय. डर्बीच्या गाडीचे एका रात्रीत वीस-पंचवीस अपघात होतात.

आता त्या मुलीचा प्रश्न. आजोबा भंगारातून आणलेली जुनी केबल टेबलावर ठेवून म्हणत होते, "चालेल ना ही? करंट तर जातोय." आणि नात म्हणाली, "चालेल ते ठीक आहे. पण ही चेपली तर माझं काय होईल?"

दोस्तांनो, हाच खरा प्रश्न. इंटरनेटवर बहुतेक चर्चा केबल किती जाड हवी यावर असते. जाडी महत्त्वाची आहेच, आधी तिचाच हिशोब करू. पण केबल निवडताना डोळ्यासमोर ती चालतानाचा क्षण ठेवू नका, ती चेपतानाचा क्षण ठेवा.

जाडीचा हिशोब

अमेरिकेत केबल गेजमध्ये मोजतात. आकडा जितका लहान तितकी केबल जाड. ४ गेज म्हणजे साधारण २१ स्क्वेअर एमएम, २ गेज म्हणजे ३४, १/० म्हणजे ५४ आणि २/० म्हणजे ६७. आपल्याकडे दुकानात २५, ३५, ५०, ७० स्क्वेअर एमएम मागतात, तेच हे जवळपास.

तांब्याच्या केबलचा रेझिस्टन्स दर मीटरला असा: ४ गेज ०.८२ मिलिओहम, २ गेज ०.५१, १/० ०.३२ आणि २/० ०.२६. मिलिओहम म्हणजे ओहमचा हजारावा भाग. फारच थोडा वाटतो ना? पण करंट केवढा आहे ते बघा.

५.७ लिटरचं व्ही-एट इंजिन फिरवायला सेल्फ साधारण २०० अँपिअर घेतो. पॉझिटिव्ह दोन मीटर आणि निगेटिव्ह दोन मीटर, एकूण चार मीटर केबल धरू. करंट गुणिले रेझिस्टन्स, शाळेतला ओहमचा नियम. ४ गेजमध्ये ०.६५ व्होल्ट केबलच खाते. २ गेजमध्ये ०.४१, १/० मध्ये ०.२६ आणि २/० मध्ये फक्त ०.२०.

हे झालं थंड इंजिनाचं. आता रेडिएटर फुटलाय, इंजिन उकळतंय, सेल्फच्या डोक्यावरच सायलेन्सरचा मॅनिफोल्ड लालबुंद आहे. इंजिन जड झालंय आणि सेल्फ ३०० अँपिअर मागतोय. ४ गेजमध्ये आता जवळपास एक व्होल्ट जातो, २/० मध्ये ०.३१. शिवाय तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो. २० अंशांवरून १०० अंशांवर गेलं तर सुमारे ३० टक्क्यांनी. त्यात बॅटरीचा स्वतःचा व्होल्टेजही लोड आल्यावर दहाच्या आसपास उतरलेला असतो. त्यातला एक व्होल्ट केबलने गिळला तर सेल्फ 'घुर्र... घुर्र' करत बसतो आणि तुमचं मिनिट संपतं.

माझं मत विचाराल तर १/० च्या खाली जाऊ नका. २/० मिळाली तर उत्तम. ४/० घ्यायची गरज नाही. ती इतकी ताठ आणि जड असते की वळवता वळवता हात दुखतात, आणि दोन मीटरच्या अंतरात तिचा फायदा अगदी थोडा.

तांबंच आहे ना, बघून घ्या

ऑनलाईन स्वस्तात जाडजूड केबल दिसली की आधी वर्णन वाचा. सीसीए लिहिलं असेल तर ती ॲल्युमिनियमची तार आहे, वरून फक्त तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६१ टक्केच वीज वाहतं. म्हणजे सीसीएची २/० केबल कामाला तांब्याच्या १ गेजएवढीच. चाकूने एक तार खरवडा. आतून चंदेरी निघाली की सोडून द्या. वजनही हातात कळतं, तांब्याची केबल जड लागते. ॲल्युमिनियमचा आणखी एक दोष म्हणजे आवळलेला जोड काळाने आणि उष्णतेने सैल पडतो. डर्बीत सैल जोडाला माफी नसते.

आता वरच्या आवरणाकडे. डर्बीवाले बरेचदा वेल्डिंग केबल वापरतात. का? तिच्यात केसासारख्या बारीक शेकडो तारा असतात, म्हणून ती मऊ असते, वळते आणि हिसके सोसते. रबरी आवरण साधारण १०५ अंशांपर्यंत टिकतं. पण त्या रबराचं तेल-पेट्रोलशी पटत नाही, ते फुगून मऊ पडतं. बॅटरी केबलचा एसजीएक्स नावाचा प्रकार मिळतो. त्याचं आवरण १२५ अंशांचं आणि तेलाला जास्त दाद न देणारं असतं, पण केबल जरा ताठ. एसजीटी प्रकार साध्या पीव्हीसीचा, ८० अंशांचा, तो या कामाला नको. मी फायरवॉलच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला एसजीएक्स वापरतो आणि आतल्या छोट्या तुकड्यांना वेल्डिंग केबल. सगळीकडे वेल्डिंग केबलच वापरायची असेल तर इंजिनाच्या बाजूला ती जाड रबरी होजमधून न्या.

टोकं: इथेच जास्त गाड्या मरतात

केबल कितीही भारी असो, टोकाला लग नीट बसला नाही तर सगळं फुकट. हिशोब बघा. सैल जोडाचा रेझिस्टन्स समजा १० मिलिओहम. २०० अँपिअरला तिथे दोन व्होल्ट जातात आणि ४०० वॅट उष्णता त्या एका टोकावर तयार होते. तुमच्या घरातलं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. म्हणजे तशी सोळा एकाच जागी!

म्हणून लग तांब्याचा घ्या, कथील चढवलेला. तो केबलच्या मापाचा आणि बोल्टच्याही मापाचा हवा. मोठ्या भोकाच्या लगला वायसर लावून चालवू नका. हायड्रॉलिक क्रिंपर एखाद्याकडून मागून आणा. नसेल तर घणाने मारायचा साधा क्रिंपर मिळतो, तोही नीट मारला तर चालतो. पक्कडीने चेपलेला लग मात्र नको. क्रिंप झाल्यावर केबल पायाखाली धरून लग दोन्ही हातांनी जोरात ओढा. निघाला तर आत्ता निघू दे, मैदानात नको.

सोल्डर करू का, असं बरेच जण विचारतात. मी करत नाही. सोल्डर तारांमध्ये वर चढतं आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. हिसके बसले की तो ताठ भाग जिथे संपतो तिथेच तारा तुटतात. शिवाय नेहमीचं सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतं, आणि मॅनिफोल्डशेजारी तेवढं तापमान काही लांब नाही. चांगला क्रिंप आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, एवढं पुरे. बॅटरीच्या पोस्टवर दोन बोल्टची पट्टी असलेली स्वस्त टर्मिनलं मिळतात, तीही टाळा. धक्क्यांनी पट्टीखालच्या तारा सरकतात आणि जोड सैल होतो.

कुठला तुकडा लाईव्ह आहे?

आता त्या प्रश्नाचं उत्तर. केबल चेपली तर काय होईल, हे त्या क्षणी तिच्यात करंट आहे की नाही यावर ठरतं.

शेव्हर्लेच्या पद्धतीत सोलेनॉइड सेल्फवरच बसलेला असतो. म्हणजे बॅटरीपासून सेल्फपर्यंतची सगळी केबल चोवीस तास लाईव्ह. चावी बंद असली तरी लाईव्ह. फायरवॉलचा पत्रा दुमडला आणि त्याची धार केबलमध्ये शिरली की थेट शॉर्ट, मध्ये फ्यूज नाही.

फोर्डच्या जुन्या गाड्यांची पद्धत वेगळी होती. तिथे सेल्फचा रिले बॅटरीजवळ मडगार्डवर असायचा. रिलेच्या पुढची केबल फक्त सेल्फ मारताना लाईव्ह, बाकी वेळ मेलेली. हाच रिले दुकानात सुटा, स्वस्तात मिळतो. तो आत, बॅटरीच्या पेटीलगत बसवा. आता बॅटरी ते रिले हा वीतभर तुकडा लाईव्ह राहिला, तोही झाकलेला. पत्र्यातून जाणारी, इंजिनाशेजारची, चेपण्याची सर्वात जास्त शक्यता असलेली दीड-पावणेदोन मीटर केबल बटण दाबेपर्यंत मेलेली. डॅशबोर्डवर एक पुश बटण सेल्फसाठी आणि एक स्विच इग्निशनसाठी, झालं काम.

मग शेव्हर्लेच्या सेल्फवरच्या सोलेनॉइडचं काय करायचं? त्याच्या मोठ्या बोल्टवरून 'एस' टर्मिनलला छोटा जंपर देतात, म्हणजे केबलमध्ये करंट आला की दोन्ही एकदम चालतात. जुन्या जड सेल्फला हे ठीक आहे. पण परमनंट मॅग्नेटवाला नवा छोटा सेल्फ असेल तर जपा. बटण सोडल्यावरही तो फिरता फिरता स्वतः वीज तयार करतो, तीच जंपरमधून सोलेनॉइडला धरून ठेवते आणि सेल्फ लगेच सुटत नाही. तिथे 'एस'ला बटणाकडून वेगळी वायर द्या, आणि ते बटण सोलेनॉइडचा करंट सोसणारं घ्या.

रिलेवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही. आतले पॉइंट कधी कधी चिकटतात, मग बटण सोडलं तरी सेल्फ फिरतच राहतो. म्हणून मुख्य कट-ऑफ स्विच हवाच, बॅटरीपासून निघणाऱ्या पहिल्या तुकड्यावर. तो बेल्ट बांधलेल्या ड्रायव्हरच्या हाताला लागला पाहिजे आणि बाहेरून धावत येणाऱ्या माणसालाही दिसला पाहिजे. स्विचवर दोन आकडे असतात, एक सतत चालणाऱ्या करंटचा आणि एक काही सेकंदांचा. दोन्ही वाचा. स्विच कुठे आणि कसा हवा हे प्रत्येक डर्बीच्या नियमपत्रकात असतं, शेवटचा शब्द त्या पत्रकाचा.

आणि एक गोम. गाडीत अल्टरनेटर असेल तर बॅटरी तोडल्यावरही इंजिन अल्टरनेटरच्या विजेवर चालत राहू शकतं, पंपही पेट्रोल ओतत राहतो. म्हणून बरेच जण अल्टरनेटर काढूनच टाकतात. परवडतं का? पंखा, पंप आणि इग्निशन मिळून समजा ३० ते ४० अँपिअर. वीस मिनिटांच्या फेरीत १० ते १३ अँपिअर-अवर गेले. बॅटरी ५०-६० ची असते. आरामात पुरते, फक्त दोन फेऱ्यांच्या मध्ये चार्जर लावा. इग्निशन, पंप, पंखा यांच्या बारीक वायरींना मात्र फ्यूज हवाच, तोही बॅटरीच्या जवळ. पंप इग्निशनच्या स्विचवरच ठेवा, म्हणजे एका हालचालीत दोन्ही बंद.

रस्ता आणि अर्थ

केबल फायरवॉलमधून नेताना कोपरे टाळा, कोपरेच आधी दुमडतात. मधल्या बाजूने, गिअरबॉक्सच्या बोगद्याजवळून न्या. भोकाच्या धारा कानशीने घासून रबरी ग्रोमेट बसवा आणि त्यातून केबलवर जुन्या हीटर होजचा फूटभर तुकडा चढवा. म्हणजे पत्रा मिटला तर आधी होज कापेल, मग केबलचं आवरण, मग तांबं.

केबल ताणून बसवू नका. इंजिन हलतं, पत्रा मागे येतो. दोन्ही टोकांना वळण घेऊन थोडी ढील ठेवा. पण ती ढील स्टिअरिंगच्या दांड्यात, गिअरच्या लिव्हरमध्ये किंवा सायलेन्सरवर लोंबता कामा नये. प्लास्टिकचे झिप टाय उष्णतेने सुटतात, रबर लावलेले पत्र्याचे क्लॅम्प वापरा. आणि पेट्रोलची नळी एका बाजूने तर केबल दुसऱ्या बाजूने. दोघी कुठेच एकत्र बांधायच्या नाहीत.

निगेटिव्हकडे लोक दुर्लक्ष करतात. जवळच्या पत्र्याला बोल्ट मारला आणि अर्थ दिला, असं चालत नाही. तो पत्रा गंजलेला असतो, रंगवलेला असतो आणि आज रात्री फाटणार असतो. निगेटिव्ह केबल पॉझिटिव्हएवढ्याच जाडीची घ्या आणि थेट इंजिनाच्या ब्लॉकला लावा. जागा चकचकीत होईपर्यंत घासा, स्टार वायसर घाला, आवळा. मग ब्लॉकपासून चॅसीला वेगळी अर्थची पट्टी द्या. जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. काढताना निगेटिव्ह आधी. कारण निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला लागला तर तो पानाच केबल होतो.

मीटर खोटं बोलत नाही

सगळं झाल्यावर इग्निशन बंद ठेवून सेल्फ मारा आणि मल्टिमीटर लावा. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टवर, क्लॅम्पवर नाही, खुद्द पोस्टवर. दुसरं सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. फिरताना ०.५ व्होल्टच्या आत हवं. मग निगेटिव्ह पोस्ट ते ब्लॉक, ०.२-०.३ च्या आत. जास्त आलं तर एक एक जोड मोजत जा, चोर सापडतोच. सांगलीतल्या ट्रॅक्टरला आणि तुमच्या घरच्या जुन्या जीपलाही हीच तपासणी. सेल्फ घुरघुरला की लोक थेट नवी बॅटरी आणतात. त्याआधी पाच मिनिटं मीटर लावून बघा.

त्या मुलीच्या गाडीत आम्ही हे सगळं केलं, आणि आणखी एक गोष्ट केली. ती हेल्मेट घालून, बेल्ट बांधून बसली, डोळे मिटले, आणि आजोबांनी "आता!" म्हटलं की तिने कट-ऑफ स्विच खाली पाडायचा. दहा वेळा, मग आणखी दहा वेळा. धुरात डोळे उघडून काही दिसत नाही, हात आपोआप जायला हवा.

त्या रात्री ती जिंकली नाही. चौथ्या की पाचव्या धडकेत उजवा मडगार्ड चाकात शिरला, फायरवॉल मागे आली आणि गाडी अडकली. दोन वेळा इंजिन बंद पडलं, दोन्ही वेळा एका बटणात चालू झालं, तिसऱ्यांदा गाडी हललीच नाही. तिने काठी मोडली, म्हणजे 'मी बाहेर' अशी खूण केली, स्विच पाडला आणि हात वर केला. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये केबल बाहेर काढली. हीटर होज आरपार कापला होता. आतल्या केबलच्या आवरणावर पत्र्याची धार उमटली होती, तांबं दिसत नव्हतं. आणि दिसलं असतं तरी त्या वेळी त्या तुकड्यात करंटच नव्हता. आजोबांनी तो तुकडा भिंतीवर खिळ्याला टांगलाय. पुढच्या वर्षी तिचा धाकटा भाऊ गाडीत बसणार आहे, त्याला आधी तो दाखवायचा म्हणून.

तर दोस्तांनो, आजचं एवढंच. तुमच्या गाडीच्या, ट्रॅक्टरच्या, इन्व्हर्टरच्या केबलबद्दल काही अडलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. पाठवताना केबल किती जाड, किती लांब आणि मीटरवर किती व्होल्ट आले हे तिन्ही सांगा, म्हणजे उत्तर अंदाजाने द्यावं लागणार नाही. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!